मँटिस श्रिंप दर कातीला अडकतोय? आधी वरून घालायचं पाणी बघा

लक्षण असं आहे. मत्स्यालयाच्या टाकीत पाळलेला तुमचा मँटिस श्रिंप (खेकडा-कोळंबीच्या कुळातला समुद्री प्राणी) एरवी ठणठणीत आहे. बिळाच्या तोंडाशी बसून दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवत बघतो, तिसरी (खायची शिंपली) दिली की दोन मिनिटांत फोडून खातो. पण दर तीन-चार महिन्यांनी कात टाकायची वेळ आली की काहीतरी बिनसतं. बीळ बंद करून बसण्याचे दिवस वाढत जातात. बाहेर येतो तेव्हा एखादा पाय गेलेला असतो, नाहीतर काही वाकडं झालेलं असतं. प्रत्येक कात आधीच्या कातीपेक्षा वाईट जाते. मधल्या काळात पाण्याच्या टेस्ट मात्र व्यवस्थित येत राहतात.

माझ्याकडे हे लागोपाठ दोन कातींना झालं, आणि दुसऱ्या वेळी तो जवळजवळ गेलाच होता. कारण शोधण्यात महिनोन् महिने गेले. शेवटी ते टाकीत सापडलंच नाही. सापडलं स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर भिंतीला लावलेल्या वॉटर प्युरिफायरमध्ये.

तुमचा प्राणी आत्ता, हे वाचताना, बीळ बंद करून बसला असेल तर आधी एवढं करा. बिळाला हात लावू नका. खडी काढून आत डोकावू नका, पाइप हलवू नका. प्युरिफायरचं किंवा नळाचं पाणी टाकीत घालणं आजपासून बंद. पाण्याची पातळी उतरली असेल तर टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शून्य दाखवणारं डिस्टिल्ड किंवा डीआय (रेझिनमधून गाळून क्षार काढलेलं) पाणी थोडं थोडं घाला. फिल्टरमध्ये नवा अॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा. हवेचा पंप चालू, दिवा बंद. रोज अमोनिया तपासा. पूर्ण वाढलेला प्राणी दोन-तीन आठवडे आत राहिला तरी तो मेला असं नसतं. आत मेला असेल तर एक-दोन दिवसांत अमोनिया चढतो आणि वासही येतो. अमोनिया शून्य आहे तोवर धीर धरा. आता सविस्तर सांगते.

आम्ही पुण्यात राहतो. टाकी ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची, दगड-वाळू वजा जाता साधारण १५० लिटर पाणी. तळाला काचेवर अॅक्रिलिकचा जाड पत्रा, कारण हा प्राणी वाळू उपसत काचेपर्यंत जातो आणि तिथे टोले मारतो. दगड कोरडे घेतले. प्रवाळ चिकटलेला 'लाइव्ह रॉक' मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका, दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाळूत दोन इंची पीव्हीसी पाइप पुरलेला, दोन्ही तोंडं उघडी, लांबी ४५ सेंटिमीटर, मध्ये एक बाक. त्यात तो एकटाच राहतो. दुसरा कुठलाही मासा त्याच्यासोबत टिकणार नाही.

प्राणी म्हणजे पीकॉक मँटिस श्रिंप, ओडोंटोडॅक्टिलस सायलॅरस, आणला तेव्हा ११ सेंटिमीटरचा. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून ग्वामपर्यंतच्या समुद्रात ही जात सापडते. नावात श्रिंप असलं तरी तो कोळंबी नाही, आणि मँटिस हे नाव पुढच्या दुमडलेल्या हातांमुळे पडलं, आपल्या खंडोबाच्या किड्यासारख्या. यांच्यात दोन प्रकार. भालेवाले काटेरी हात मारून मासा टोचतात आणि गदावाले कवच फोडतात. कोकण किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात येतात ते चिखलात बिळं करून राहणारे भालेवाले. आमचा गदावाला, म्हणून लेकीने त्याचं नाव भीम ठेवलं. खाली मी जे लिहिलंय ते गदावाल्याच्या अनुभवातून आहे, पण पाण्याचं गणित दोघांनाही सारखंच लागू.

भीमला आणल्यानंतर दोन महिन्यांनी पहिली कात झाली. त्याने आधी खाणं सोडलं, मग एका रात्रीत पाइपची दोन्ही तोंडं खडी आणि शिंपल्यांचे तुकडे लावून बुजवली. सहाव्या दिवशी सकाळी बिळाबाहेर तो आडवा पडलेला दिसला आणि मी तिथेच मटकन बसले. चिमट्याने उचलला तर वजनच नाही. ती कात होती. पाण्यात धरून टॉर्च लावला, तर आरपार उजेड गेला. मिशांचे बारीक केस, पोटाखालच्या पोहण्याच्या पायांच्या झालरी, शेपटीच्या कडेचे काटे, दोन्ही गदांची टोपणं, एवढंच काय, डोळ्यांवरच्या काचेसारख्या वाट्यासुद्धा जशाच्या तशा. पहिल्यांदा पाळणारे बरेच जण इथे फसतात. ओळखायला सोपं आहे. कात पोकळ आणि पारदर्शक असते, डोळ्यांतून पलीकडचं दिसतं. मेलेला प्राणी अपारदर्शक होतो, डोळे दुधाळ पडतात आणि काही तासांत वास सुटतो.

ती कात मी वाळवून डब्यात ठेवली. पुढे हीच सवय कामी आली, कारण दोन कातींची तुलना करता आली. तुम्हीही ठेवा, तारीख लिहून.

दुसरी कात एप्रिलमध्ये आली. अकरा दिवस बीळ बंद होतं. बाहेर आला तो फिकट, डोक्याजवळच्या पंख्यासारख्या दोन खवल्यांपैकी डावं अर्धं फाटलेलं, चालण्याचा एक पाय नाही. डब्यातल्या कातीत तो पाय अडकलेला सापडला, म्हणजे बाहेर पडताना तो जुन्या कवचातून निघालाच नव्हता. मी उन्हाळ्याला दोष दिला. खोलीत ३४ अंश, टाकीत ३०. या प्राण्याला २४ ते २७ चांगलं मानवतं. म्हणून टाकीवर दोन पंखे लावले आणि तापमान २६ वर आणलं. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्याने तीन-चार अंश सहज उतरतात, कारण पाणी भराभर उडतं. आधी दिवसाला लिटर-सव्वा लिटर पाणी कमी व्हायचं, पंख्यांनंतर तीन लिटर. तेवढं गोडं पाणी मी रोज वरून घालत होते, घरच्या आरओचं. याच वाक्यात सगळा घोटाळा आहे, पण तेव्हा मला तो दिसला नाही.

त्याच काळात मला कुणीतरी सांगितलं, कात अडकते म्हणजे आयोडीन कमी आहे. मी ल्युगोलचे, म्हणजे आयोडीनच्या द्रावणाचे, थेंब सुरू केले. तिसरी कात नऊ आठवड्यांतच आली, म्हणजे वेळेच्या बरीच आधी, आणि ती सगळ्यांत वाईट गेली. सतरा दिवस. बाहेर आला तेव्हा उजव्या गदेवर जुनं टोपण तसंच चिकटलेलं होतं, ओल्या हातातून अर्धवट निघालेल्या रबरी हातमोज्यासारखं. आठवड्याभराने तो हातच त्याने टाकून दिला.

इथे माझ्याकडून आणखी एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. कातीनंतर दुसऱ्याच दिवशी तो बिळाच्या तोंडाशी आला आणि दोन्ही हात फाकवून, आतल्या बाजूचे ठिपके दाखवत अंगावर आल्यासारखा उभा राहिला. मला वाटलं, सावरला. मी एक छोटा जिवंत खेकडा सोडला. त्याने एकही टोला मारला नाही. खेकड्याने त्याच्या शेपटीची कड चिमटीत धरली तेव्हा मला कळलं की त्याच्यात ताकदच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले रॉय कॉल्डवेल आणि त्यांचे सहकारी स्टेगर यांनी १९८३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात नेमकं हेच मांडलं होतं. नुकतीच कात टाकलेला मँटिस श्रिंप मऊ असतो, मारू शकत नाही, तरी बीळ राखण्यासाठी धमकीचा पवित्रा घेतो. ती हूल असते. तेव्हा हात फाकवून उभा राहिला म्हणून बरा झाला, असं धरू नका. बरा झाल्याची खूण एकच, स्वतःहून काहीतरी फोडलं. तोवर सोललेल्या कोळंबीचा तुकडा काठीला लावून बिळाशी ठेवायचा, आणि कवचाचं, नांगीचं काहीही टाकीत सोडायचं नाही.

मग मी ठरवलं, अंदाज पुरे, एकेक गोष्ट तपासायची.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट १५. पीएच ८.२, अल्कलिनिटी ८.५ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००. खारेपणा १.०२५, रिफ्रॅक्टोमीटरने, तोही नव्याने कॅलिब्रेट करून. यातलं काहीच कात अडवण्यासारखं नाही. दिवा आधीच मंद होता. पीकॉक जातीला झगझगीत उजेडात ठेवलं की कवचरोग होतो असा अनुभव अनेकांचा आहे, आणि कॉल्डवेलही याबद्दल सावध करत आलेत. पण कवचरोग दिसायला वेगळा असतो. पाठीवर, शेपटीवर तपकिरी-काळे डाग पडतात, तिथे कवच खड्ड्यासारखं झिजतं, कडा कुरतडल्यासारख्या होतात. भीमच्या अंगावर असा एकही डाग नव्हता. तुमच्या प्राण्यावर असे डाग असतील तर तुमचा प्रश्न वेगळा आहे. उजेड कमी करा, बीळ लांब आणि अंधारं करा, पाणी वारंवार बदला.

खाण्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा निघाला. मी बाजारातून सोललेली कोळंबी आणून फ्रीझ करत होते, कारण सोयीचं. गदेचा मार लागतो तो भाग दातांच्या एनॅमलसारख्या खनिजाने घट्ट झालेला असतो. कॅल्शियम आणि फॉस्फेटचं ते स्फटिक, त्याच्या रचनेवर २०१२ मध्ये बरंच काम प्रसिद्ध झालं. असा प्राणी नुसत्या मऊ मांसावर ठेवणं मला आता पटत नाही. कवचासकट खाणं द्यावं. मासळीबाजारात तिसऱ्या मिळतात, जिवंत घ्या, एक रात्र तयार खाऱ्या पाण्यात ठेवा म्हणजे पोटातली वाळू टाकतील. खुबे, शिंपल्या, छोटे समुद्री खेकडेही चालतात. शेताकडच्या ओढ्यातले खेकडे देऊ नका, फवारणीचं काय उतरलंय ते सांगता येत नाही. पण खाण्यामुळे कात हळूहळू कमजोर होईल, पाय जुन्या कवचात अडकून तुटेल असं वाटत नव्हतं.

खेकडा-कोळंबीच्या कुळाला पाण्यातलं तांबं घातक, म्हणून तांब्याची टेस्टही मी केली होती. शून्य आली. म्हणून ते नाव यादीतून खोडून टाकलं होतं.

जुलैत प्युरिफायरची सर्व्हिस करायला मुलगा आला. झाकण उघडून त्याने कॅन्डल, मेम्ब्रेन काढून ओट्यावर मांडलं आणि शेवटी एक छोटी नळकांडी हातात धरून म्हणाला, "ताई, ही कॉपरची संपलीय, हीपण बदलतो. पाणी शुद्ध झाल्यावर यातून जातं शेवटी, तब्येतीला चांगलं." मी विचारलं, "म्हणजे आरओ झाल्यानंतर यात तांबं मिसळतं?" तो म्हणाला, "हो ना, हल्ली सगळे तेच मागतात. आणि हा स्क्रू बघा, टीडीएस फार कमी झाला तर पाण्याला चव येत नाही, म्हणून थोडं साधं पाणी यातून परत सोडलेलं असतं." त्याने सगळं खरं आणि नीट सांगितलं. यंत्र पिण्याच्या पाण्याचं, आणि पिण्यासाठी ते ठीकच आहे. चूक माझी. 'आरओचं पाणी' या दोन शब्दांत मी दोन वेगळ्या गोष्टी एक धरल्या होत्या. मत्स्यालयाच्या पुस्तकांत ज्याला आरओ म्हणतात त्यातून बाहेर पडताना पाणी जवळजवळ रिकामं असतं. ओट्यावरच्या यंत्रातून बाहेर पडताना त्यात मुद्दाम भर घातलेली असते.

त्या रात्री कागदावर गणित मांडलं, ते इथे देते कारण त्यावाचून हे पटत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, क्रमांक १०५००, तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणी उपलब्ध नसेल तर १.५ पर्यंत सवलत. समजा माझ्या पाण्यात फक्त ०.०५ होतं. रोज तीन लिटर म्हणजे ०.१५ मिलिग्रॅम तांबं टाकीत. पाणी उडतं, तांबं उडत नाही. १५० लिटरमध्ये हे रोज लिटरमागे ०.००१ ने वाढत जातं. चार महिन्यांत ०.१२. आजारी समुद्री माशांना तांब्याचं औषध देतात तेव्हा लिटरला ०.१५ ते ०.२० ठेवतात, आणि त्याच बाटलीवर लिहिलेलं असतं की टाकीत कोळंबी, खेकडे, गोगलगाई असतील तर वापरू नका. मोकळ्या समुद्राच्या पाण्यात तांबं लिटरला ०.००१ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतं.

आणि मी पाणी बदलत होते तेसुद्धा याच पाण्यात मीठ विरघळवून. म्हणजे ज्याने कमी व्हायला हवं त्यातूनही भर पडत होती. पंखे लावल्यावर उडणारं पाणी दुपटीहून जास्त झालं, तशी तांब्याची भरही दुपटीहून जास्त. दुसऱ्या कातीपेक्षा तिसरी इतकी वाईट का गेली, त्याचा मेळ इथे लागतो.

मग टेस्ट शून्य का आली? किटची रंगपट्टी नीट बघितली तर शून्यानंतरचा पुढचा रंग थेट ०.२५ चा होता. त्याच्या खाली जे काही असेल ते डोळ्याला शून्यच दिसणार. शिवाय तांब्याचा बराच भाग पाण्यात राहत नाही, चुनखडीच्या दगडाला आणि वाळूला चिकटतो आणि नंतर हळूहळू सुटत राहतो. टीडीएस मीटरही इथे उपयोगाचं नाही. ते एकूण क्षार मोजतं, आणि ०.०५ मिलिग्रॅम तांबं त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

कातीच्याच वेळी हे का उमटतं, तेही थोडक्यात. या प्राण्याचं रक्त निळसर असतं, कारण प्राणवायू वाहणाऱ्या हिमोसायनिनमध्ये तांबंच असतं. तेवढं त्याला खाण्यातून मिळतं. पाण्यातलं जादा तांबं कल्ल्यांवर आघात करतं आणि शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडवतं. मँटिस श्रिंपचे कल्ले पोटाखालच्या पोहण्याच्या पायांवर उघडेच असतात. कात टाकताना तो पाणी शोषून फुगतो, जुनं कवच उकलतो, आणि नवं कवच तेव्हा कागदासारखं मऊ असतं. एरवी तग धरणारा प्राणी त्या दोन-चार दिवसांत सगळ्यांत दुबळा असतो. तेव्हा ताकद कमी पडली की पाय आतच अडकतो.

खात्री करायला मी पॉली-फिल्टर नावाचा पॅड मागवला. हा पॅड घाण शोषून तपकिरी होतो आणि तांबं शोषलं तर निळसर. तिसऱ्या दिवशी फिल्टरमधून काढला तर तपकिरीच्या मध्ये, पाणी शिरतं त्या बाजूला, मोरचुदासारखी निळी झाक स्पष्ट होती. लेकीलाही दाखवून खात्री केली, माझ्या डोळ्यांचा भास तर नाही ना.

त्यानंतर जे केलं ते क्रमाने सांगते. आधी वेगळं चार टप्प्यांचं आरओ आणि शेवटी डीआय रेझिन असलेलं युनिट घेतलं, पिण्याच्या लाइनशी काही संबंध न ठेवता. पाणी शून्य टीडीएस येतं. आमच्या सोसायटीत मार्चनंतर टँकर येतात आणि कच्च्या पाण्याचा टीडीएस ७०० च्या वर जातो, त्यामुळे उन्हाळ्यात रेझिन लवकर संपतं. मीटरने १ दाखवलं की मी बदलते. त्या पाण्यात नवं मीठ विरघळवून ६० लिटरच्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये भीमची तात्पुरती सोय केली. हलवताना त्याला हात लावायचा नाही. शीला पटेक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या जातीच्या टोल्याचा वेग मोजला होता, सेकंदाला २३ मीटर. बोट फुटतं. तो पाइपमध्ये असतानाच दोन्ही तोंडांना जाळीची टोपणं लावली आणि पाइपच उचलून टबमध्ये ठेवला. टबचं आणि टाकीचं पाणी दोन तास थेंब थेंब मिसळून घेतलं.

टाकीतली वाळू आणि दगड सगळे टाकून दिले. जीवावर आलं, अमोनिया पचवणारे दीड वर्षाचे जीवाणू त्यात होते. पण तांबं शोषलेला दगड धुऊन मोकळा होत नाही. काच पुसली, नवी कोरडी खडी आणि दगड घातले, फिल्टरमधला स्पंज बदलला, फक्त सिरॅमिकच्या नळ्यांपैकी अर्ध्या राखल्या आणि त्यांच्यासोबत पॉली-फिल्टर दोन महिने चालू ठेवला. दर पंधरा दिवसांनी नवा. दुसरा पॅड किंचित निळसर झाला, तिसरा नुसताच तपकिरी. पाच आठवडे तो टबमध्ये होता, तिथे रोज थोडं पाणी बदललं.

चौथी कात नोव्हेंबरात झाली. सात दिवस. डब्यात ठेवलेली ती कात अखंड आहे, एकही पाय आत अडकलेला नाही. उजव्या बाजूला नवा हात आला होता, डाव्याच्या निम्म्या आकाराचा. पाचव्या कातीला तो जवळपास बरोबरीला आला, आणि आठ दिवसांनी त्याने त्याच उजव्या गदेने तिसरी फोडली. आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू आला. त्याच काळात मी आयोडीनही बंद केलं होतं आणि खाणं बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय एका तांब्याला देत नाही. पण आयोडीनबद्दल माझं मत पक्कं झालंय. चांगलं मीठ आणि नियमित पाणी बदलणं यातून ते पुरेसं मिळतं. वरून थेंब घालण्याने वेळेआधी कात येण्याचा धोका वाढतो, आणि आधीच अशक्त झालेल्या प्राण्याला तेच नको असतं.

तुमच्या प्युरिफायरमध्ये कॉपर नसेल, तरी आपल्या घरांत तांब्याच्या वाटा पुष्कळ आहेत. तांब्याच्या कळशीत किंवा पिंपात भरून ठेवलेलं पाणी. जुने पितळी नळ, विशेषतः रात्रभर नळीत थांबलेलं सकाळचं पहिलं पाणी. एसीचं गळणारं पाणी टीडीएस मीटरवर कमी दिसतं म्हणून अनेक जण टाकीत घालतात. ते तांब्याच्या नळ्यांवरून ठिबकून आलेलं असतं, कृपा करून घालू नका. जुनी टाकी विकत घेत असाल तर एकच प्रश्न विचारा, यात कधी माशांना कॉपरचं औषध दिलं होतं का? हो असेल तर तिचे दगड-वाळू फुकट मिळाले तरी घेऊ नका. शेवाळ मारायची, गोगलगाई मारायची औषधं, त्यांच्या मागचा मजकूर वाचा.

अडचणीच्या वेळी इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी मी वापरलंय. प्रत्येक कॅन उघडल्यावर मीटर लावून. शून्य असेल तरच.

एक वेगळी गोष्ट तांब्यासारखीच लपून बसते, ती म्हणजे डासांचं औषध. प्लगमध्ये लावायच्या लिक्विडमध्ये पायरेथ्रॉइड गटाची रसायनं असतात. माणसाला त्या मात्रेत फारसा त्रास होत नाही, पण खेकडा-कोळंबीच्या कुळाला अगदी थोडीही घातक. हवेचा पंप त्याच खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत ते मशीन लावूच नका, जाळी लावा. पावसाळ्यात सोसायटीत धुराची फवारणी होते तेव्हा खिडक्या बंद करा आणि तासभर पंप बंद ठेवून फक्त पाणी फिरवणारी मोटर चालू ठेवा. तुमच्याकडे कात अडकणं पावसाळ्यातच होत असेल, एरवी नाही, तर पाण्याच्या आधी इकडे बघा.

वीज गेल्यावर काय, हेही लोक विचारतात. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी चार-पाच तास जाते. कातीच्या दिवसांत प्राणी बंद बिळात असतो, तिथलं पाणी आधीच कमी हलतं. बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप शे-दोनशे रुपयांपासून मिळतो, तो घेऊन ठेवा आणि नळी बिळाच्या तोंडाजवळ, पण आत नको.

काल भीमने पुन्हा दोन्ही तोंडं बुजवली. डावीकडे एक फट राहिलीय, तिथून लाल टॉर्चमध्ये एक डोळा हलताना दिसतो. टॉप-अपच्या डब्यावर मी मार्करने मोठ्या अक्षरांत 'फक्त डीआय' असं लिहून ठेवलंय, कारण मी बाहेरगावी असताना पाणी घालायला शेजारच्या काकू येतात.